आधी मुली मोजा, मग खोल्या

(पत्राचा सारांश : 'मॅडम, मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या विकास समितीत विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून माझं नाव आहे. मागच्या मोकळ्या जागेत शंभर मुलींचं वसतिगृह बांधायचा प्रस्ताव संस्थेने आणलाय. काही सर म्हणतात, आधी लॅब आणि कॉम्प्युटर नीट करा, मुली तशाही कमी होत चालल्यात. वर्गातली मुलंही तेच म्हणतात. पुढच्या महिन्यात बैठक आहे. मी काय बोलू? आणि माझ्या स्वतःच्या एम.एस्सी.चं काय करू? पप्पा म्हणतात, रूम करून राहायचं असेल तर नको.')

प्रिय विद्यार्थिनी,

तू दोन प्रश्न विचारलेस, पण मला त्यात एकच दिसतो. कॉलेजने वसतिगृह बांधावं का आणि पप्पा तुला पुढे पाठवतील का, या दोन्हींच्या मुळाशी मुलगी रात्री कुठे राहणार हाच प्रश्न आहे. माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या खेड्यातल्या किती तरी मुलींची शाखा आवडीवरून ठरत नाही, मार्कांवरूनही ठरत नाही, ती मुक्कामावरून ठरते. नर्सिंगला का गेलीस? तर तिथे होस्टेल होतं, म्हणून घरच्यांनी सोडलं. फिजिक्स आवडत होतं तर बी.ए. का घेतलंस? बी.ए.ला प्रॅक्टिकल नसतं, दुपारच्या गाडीने घरी येता येतं. कलचाचणीच्या कुठल्याच रकान्यात हे उत्तर बसत नाही.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर हो असं आहे. वसतिगृह व्हायला हवं. फक्त शंभर खाटांची इमारत हा त्याचा शेवटचा टप्पा असावा, पहिला नाही.

लॅब आधी की वसतिगृह आधी, या वादात मुलांचं म्हणणं उडवून लावू नकोस. लॅब जुनी असेल तर ती सुधारायलाच हवी. पण मी एकदा तुमच्याच भागातल्या एका कॉलेजात मार्गदर्शन शिबिराला गेले होते, तेव्हाचं सांगते. दुपारचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल चालू होतं. चार वाजून गेले आणि एका मुलीने ब्युरेटची तोटी बंद केली, फ्लास्क तसाच पांढऱ्या टाइलवर ठेवला आणि शेजारणीला म्हणाली, "माझं रीडिंग तू घे, गाडी जाईल." फ्लास्कमधल्या द्रावणाला अजून गुलाबी छटाही आली नव्हती, म्हणजे प्रयोग अर्धाच होता. तिच्या मागोमाग आणखी चौघी उठल्या. सर काही बोलले नाहीत, कारण हे रोजचंच होतं. त्या टेबलावर नवं कोरं उपकरण आणून ठेवलं असतं, तरी त्या पाच मुलींना त्याचा काय उपयोग होता? शेजारणीची रीडिंग्ज उतरवून त्या पदवीधर होणार, आणि मग कंपनीच्या मुलाखतीत कुणी टायट्रेशन, म्हणजे हाच प्रयोग, करून दाखवायला सांगितलं की 'ग्रामीण मुलांना येत नाही' असा शेरा घेऊन परत येणार.

दुसरी गोष्ट तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. दिवाळी झाली की तुमच्याकडची गावं रिकामी होतात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात ते मार्च-एप्रिलपर्यंत. मागे म्हातारी आजी, धाकटी भावंडं आणि वयात आलेली मुलगी. तिला एकटीला घरी ठेवायचं कसं, या काळजीला आईबापांकडे दोनच उत्तरं असतात, सोबत फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतावर, न्यायचं नाही तर लग्न लावून द्यायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीड जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. त्या आईबापांना दोष द्यायला माझी जीभ वळत नाही, कारण ते घाबरलेले असतात. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी सरकारने संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहांची योजना आणली ती याच भीतीवर. पण त्यातला विचार मुख्यतः शाळकरी मुलांचा आहे. बारावी पास होऊन तुमच्या कॉलेजात आलेल्या मुलीचा हंगाम काही बदलत नाही. तिच्या पहिल्या सेमिस्टरचा शेवट आणि दुसऱ्याचा बराचसा भाग आईबाप फडावर असतानाच जातो.

शिवाय बारावीपर्यंत गावाकडच्या मुलीला अहिल्याबाई होळकर योजनेत एस.टी.चा पास मोफत असतो. सीनियर कॉलेजला आली की तो संपतो आणि सवलतीचा पास पैसे भरून काढावा लागतो. २०२४-२५ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शासन भरतं. चांगलाच निर्णय आहे. पण खोलीचं भाडं आणि डबा त्यात येत नाही, आणि मुलगी अडते ती नेमकी तिथे.

'मुली तशाही कमी होत चालल्यात' या वाक्यावर मात्र बैठकीत थांब. का कमी होत चालल्यात? हे कुणी मोजलंय का? तू मोज. ऑफिसातून मागच्या तीन वर्षांचे पहिल्या वर्षाचे हजेरीपट माग. पहिल्या वर्षाला नाव आहे आणि दुसऱ्या वर्षाला नाही, अशा मुलींची यादी कर. प्रत्येकीपुढे गावाचं नाव, तिकडे जाणारी शेवटची गाडी किती वाजता, आणि आता ती कुठे आहे हे लिही. मैत्रिणींना विचारलंस तर आठवड्यात होईल. कोण टी.सी. काढून दुसऱ्या कॉलेजात गेली, कोणाचं लग्न झालं, कोण फडावर आहे. यादी वीसची निघाली तर शंभर खाटा कशाला? ऐंशीची निघाली तर 'मुली कमी होत चालल्यात' म्हणणाऱ्यांना त्याचं कारण कळेल. मुलींची नावं बैठकीत वाचू नकोस, फक्त आकडे आणि गावं सांग.

आता वसतिगृहाच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही दोन अवघड प्रश्न विचार. पहिला पाण्याचा. वसतिगृहासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरायचं असा भारतीय मानक संस्थेचा दंडक आहे. शंभर मुलींना साडेतेरा हजार लिटर झाले. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोज सव्वा टँकरहून जास्त, आणि तेही एप्रिल-मेमध्ये, परीक्षेच्या तोंडावर, तुमच्या भागात. बोअरला उन्हाळ्यात किती पाणी असतं, हे आर्किटेक्टच्या नकाशात नसतं. ते शिपाईमामांना विचार.

दुसरा प्रश्न माणसाचा. अनुदानातून झालेलं एक तीन मजली वसतिगृह मी पाहिलंय. त्याच्या खोल्यांत मोडके बाक आणि जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. इमारतीत काहीच खोट नव्हती. रेक्टरबाई संध्याकाळी सहाला स्कूटीवर आपल्या घरी जायच्या, आणि हे कळल्यावर दुसऱ्याच वर्षी पालकांनी मुली काढून नेल्या. तुझे पप्पा असते तर त्यांनीही तेच केलं असतं. २०२३ च्या जूनमध्ये मुंबईत चर्नी रोडला मुलींच्या शासकीय वसतिगृहात एका विद्यार्थिनीचा खून झाला आणि संशय तिथेच रखवालीचं काम करणाऱ्या माणसावर होता. ती बातमी प्रत्येक खेड्यात पोचलीय. त्यामुळे मुक्कामी राहणारी महिला रेक्टर कोण, तिचा पगार कोण देणार, रात्री मुलगी आजारी पडली तर गाडी कुणाची, पॅड टाकायची सोय काय, हे बांधकामाच्या ठरावातच लिहून आलं पाहिजे. नंतर बघू म्हटलं की ते राहूनच जातं.

म्हणूनच म्हणते, इमारतीपासून सुरुवात नको. येत्या जूनपासून कॉलेजजवळचं एखादं घर भाड्याने घ्यावं, पंचवीस-तीस मुली, एक रेक्टर, एक स्वयंपाकीण मावशी. एक दिवाळी ते उन्हाळा हे नीट चाललं की बांधकामाला कुणी विरोध करणार नाही, आणि नाही चाललं तर चूक लहान असतानाच कळेल. आपल्याकडची मोठी वसतिगृहं अशीच उभी राहिली, आधी मुलं आणि मग भिंती. शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात एकामागून एक बोर्डिंगं काढली ती खेड्यातल्या पोराला शहरात टेकायला जागा नव्हती म्हणून. कर्मवीर भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं बोर्डिंग सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. त्या मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. मला यातलं जेवण महत्त्वाचं वाटतं. वसतिगृह टिकतं ते मेसवर. सकाळी भाकरी मिळाली नाही तर मुलगी महिनाभरात कंटाळते, आणि दुसऱ्या महिन्यात सामान न्यायला भाऊ येतो.

पैशाचं म्हणशील तर मुलींकडे अगदीच काही नसतं असं नाही. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे थेट खात्यात येतात, आणि पुण्या-मुंबईसाठी ती रक्कम वर्षाला ६० हजारांपर्यंत आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम् योजना आहे. ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. तुमच्याकडच्या ऊसतोड घरांतल्या बऱ्याच मुली तिच्यात बसतील. तालुक्याच्या गावासाठी सध्याच्या अटी आणि रक्कम काय, हे बीडच्या समाजकल्याण आणि बहुजन कल्याण कार्यालयात जाऊन विचार, आणि बैठकीला जाताना तो कागद हातात ठेव. हप्ते उशिरा येतात हेही सांग. मेसचे तीन-चार महिने संस्थेने सोसायची तयारी ठेवली नाही, तर गरीब मुलगीच आधी बाहेर पडेल.

या समितीत तू पाहुणी म्हणून बसत नाहीस. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने महाविद्यालय विकास समितीत विद्यार्थ्यांना जागा दिली आहे आणि वर्षातून किमान चार बैठका घ्यायच्या असतात. तुझं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्या, असं स्पष्ट सांग. आवाज कापला तरी चालेल, कागद वाचून दाखव.

आता तुझ्या एम.एस्सी.बद्दल. पप्पांच्या 'नको'मध्ये 'रूम करून' हे दोन शब्द आहेत, ते नीट ऐक. शिकू नकोस असं ते कुठे म्हणाले? छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या आवारातच मुलींची वसतिगृहं आहेत. वसतिगृहाचा अर्ज प्रवेश अर्जाच्या बरोबरीने भर, प्रवेश मिळाल्यावर बघू असं करू नकोस, जागा संपतात. अर्ज भरण्याआधी एक दिवस पप्पांना घेऊन जा. गेट, रेक्टरचं ऑफिस, मेस, सगळं त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बघू दे. शक्य असेल तर तिथे राहणारी तुमच्या तालुक्यातली एखादी मुलगी शोध आणि तिला पप्पांशी बोलू दे. माझ्या चार पत्रांपेक्षा तिच्या पाच मिनिटांचा उपयोग जास्त होईल. आईलाही ने. फडावर असतील तर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, थांब, पण तिला वगळून ठरवू नकोस.

तुझी यादी झाली की मला त्यातले आकडे पाठव. बैठकीत कुणी काय विचारू शकेल, ते आपण आदल्या रविवारी फोनवर बघू.

तुझी,
समुपदेशक मॅडम