मिनार्डी टीम कधीच जिंकली नाही, तरी जुने एफ-वन (फॉर्म्युला वन कार रेसिंग) फॅन्स तिचं नाव एवढ्या प्रेमाने का घेतात?

कारण ती खरंच गल्लीतल्या टीमसारखी होती हो. इटलीतल्या फाएन्झा गावचे जियानकार्लो मिनार्डी, १९८५ ला एफ-वनमध्ये उतरले आणि २००५ पर्यंत टीम कशीबशी तग धरून राहिली, म्हणजे २१ सीझन, ३४० रेस, आणि एकूण पॉइंट्स किती तर ३८, पोडियम (म्हणजे पहिल्या तिघांत येणं) शून्य. फेरारी वगैरेंच्या पुढे यांचं बजेट म्हणजे चिल्लर. पण १९८९ ला पोर्तुगालमध्ये त्यांचा ड्रायव्हर पिएरलुइजी मार्टिनी एक लॅप (ट्रॅकची एक फेरी) चक्क पहिला होता, टीमच्या अख्ख्या इतिहासात लीड केलेला तेवढा एकच लॅप!

माझ्या मते खरी कमाई ड्रायव्हर्सची. फिसिकेला, ट्रुली, अलोन्सो, वेबर, सगळ्यांचं एफ-वन पदार्पण इथलंच. २००२ मेलबर्नला पहिल्याच वळणावर धडकाधडकी होऊन आठ गाड्या बाद झाल्या आणि वेबर पहिल्याच रेसमध्ये घरच्या लोकांसमोर पाचवा आला, मग तो आणि मालक पॉल स्टॉडर्ट (तोही ऑस्ट्रेलियन) नंतर पोडियमवर चढून नाचले, जणू वर्ल्डकपच जिंकलाय.

२००५ ची अमेरिकेतली इंडियानापोलिसची रेस आठवते का, टायरच्या लफड्यामुळे फक्त सहा गाड्या धावल्या? आपला नारायण कार्तिकेयन त्यात चौथा, जॉर्डन टीमच्या गाडीतून, आणि त्याच्या मागे दोन्ही मिनार्डी. त्याच वर्षी रेड बुलने टीम घेतली, नाव टोरो रोसो केलं, आणि २००८ ला वेटेलने त्याच टीमच्या गाडीतून इटलीतली मोंझाची रेस जिंकली. फॅक्टरी तीच, फाएन्झाचीच.