अकरावीतला मुलगा रोज जेमतेम साडेचार तास झोपतो, त्याने खरंच काही बिघडतं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा अकरावी सायन्सला आहे, पहाटे पाचला उठून सहाचा नीटचा क्लास गाठतो, मग कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास, आणि पाठ टेकायला रात्रीचे साडेबारा होतात. वाचलेलं लक्षात राहत नाही, घरात साधं विचारलं तरी खेकसतो. हा वयाचा दोष की झोपेचा, असा तुमचा प्रश्न आहे.

मी बरीच वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवते, तेही सकाळच्या सत्रात. झोपेचा वाटा फार मोठा आहे, असं मी ठामपणे सांगेन. १३ ते १८ वयात रोज ८ ते १० तास झोप लागते. अमेरिकेतल्या झोपेच्या डॉक्टरांच्या अकादमीने २०१६ मध्ये हाच आकडा दिला. तुमच्या मुलाला साडेचार तास मिळतात. किमान ८ धरले तरी सोमवार ते शनिवार २१ तासांची तूट. रविवारी दुपारपर्यंत लोळून ती भरून निघत नाही, उलट रविवारी रात्री झोप यायला आणखी उशीर होतो आणि सोमवारची पहाट सगळ्यात वाईट जाते. सोमवारचा पहिला तास माझा असतो, तेव्हा हे मी दर आठवड्याला बघते.

वयाचा भाग आहेच, पण लोक समजतात तसा नाही. झोपेची वेळ झाली हे शरीराला कळवणारं मेलाटोनिन वयात येताना उशिरा, कधीकधी दोन तासांपर्यंत उशिरा पाझरायला लागतं. शिवाय दिवसभर जागून साठत जाणारा झोपेचा दाबही या वयात सावकाश चढतो. त्यामुळे दहा वाजता आडवं केलं तरी सोळा वर्षांच्या मुलाला पटकन झोप लागत नाही. याला आळस म्हणणं अन्याय आहे. मोबाईलने हे वाढवलं हे खरं, पण सुरू त्याने केलेलं नाही. ब्राऊन विद्यापीठाच्या मेरी कार्स्केडन यांनी वयात येणं आणि उशिरा झोपणं यांचा संबंध १९९३ मध्ये मांडला, तेव्हा मुलांच्या हातात मोबाईल कुठे होते?

त्यांचंच १९९८ चं एक काम मी पालकसभेत नेहमी सांगते. नववीतून दहावीत गेल्यावर ज्या मुलांची शाळा ८.२५ ऐवजी ७.२० ला भरू लागली, त्यांना सकाळी साडेआठच्या सुमारास अंधाऱ्या खोलीत झोपायला सांगून मोजणी केली. जवळपास निम्मी मुलं थेट स्वप्नांच्या झोपेत शिरली. एरवी या अवस्थेला पोचायला तास-दीड तास लागतो. म्हणजे वर्गात बसलेली ती मुलं शरीराने अजून रात्रीतच होती.

आता ‘लक्षात राहत नाही’ याबद्दल. दिवसभर शिकलेलं मेंदूत पक्कं बसण्याचं काम मोठ्या प्रमाणात झोपेत होतं. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त असते आणि स्वप्नांची झोप पहाटेकडे वाढत जाते. साडेबाराला झोपून पाचला उठणाऱ्या मुलाची गाढ झोप कशीबशी पदरात पडते, पण स्वप्नांची झोप बरीचशी कापली जाते. आपण जिला साखरझोप म्हणतो ती हीच. भावनांना लगाम घालण्याशी या झोपेचा संबंध आहे. म्हणून तो खेकसतो. तो उद्धट झालाय असं ठरवण्याआधी त्याला सलग दोन आठवडे पुरेसं झोपू द्या आणि मग बघा.

तो म्हणेल, ‘मला सवय झालीय.’ यावर विसंबू नका. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या २००३ च्या प्रयोगात मोठ्या माणसांना दोन आठवडे रोज ६ तासच झोपू दिलं होतं. शेवटी त्यांचं लक्ष एक अख्खी रात्र जागलेल्या माणसाइतकं ढासळलं, पण त्यांना स्वतःला मात्र थोडीशीच झोप येतेय असं वाटत होतं. तुमचा मुलगा तर ६ तासही झोपत नाही. क्लासला तो स्कूटीवर जात असेल तर मला या सगळ्यापेक्षा त्या पहाटेच्या रस्त्याची जास्त काळजी वाटते.

‘आम्ही पहाटे चारला उठून अभ्यास करायचो’ हे आजोबा सांगतात ते खोटं नाही. पण तेव्हा नऊ-साडेनऊला घरातले दिवे मालवलेले असायचे. ‘लवकर निजे’ आधी आणि ‘लवकर उठे’ नंतर, हा क्रम आपण पार विसरलो.

२०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. लहानग्यांसाठी चांगलंच झालं. पण पाचवीपासून पुढे तो लागू नाही, आणि ज्यांचं शरीरच उशिरा झोपायला सांगतं ती मोठी मुलं अजून सातच्या घंटेला धावतात, याचा मला मनापासून राग येतो. उशिरा शाळा भरवली तर मुलं आणखी उशिरा झोपतील, ही शंका दर वेळी निघते. सिएटलमध्ये २०१६ पासून हायस्कूल ७.५० ऐवजी ८.४५ ला भरू लागलं. मुलांच्या मनगटावर यंत्र बांधून मोजलं तर झोप ३४ मिनिटांनी वाढलेली निघाली.

सरकार बदलेल तेव्हा बदलेल. तुमच्या घरात पहिला प्रश्न क्लासला विचारा: सहाची बॅच बदलून मिळेल का? नसेल मिळत तर दोनपैकी एक क्लास सोडण्याचा विचार करा. दिवसात तास वाढत नाहीत, तेव्हा काहीतरी काढल्याशिवाय झोपेला जागा होणार नाही. मला विचाराल तर मी पहाटेचा क्लास काढेन, जेवण आठला आणि दिवा साडेदहाला बंद, उठणं साडेसहाला. लगेच झोप लागणार नाही. रोज पंधरा-वीस मिनिटं वेळ अलीकडे घ्या. मोबाईल रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, तुमचासुद्धा. दुपारी चारनंतर चहा-कॉफी नको, कारण कॅफिनचा निम्मा अंश पाचेक तासांनीही रक्तात असतो. सकाळी उठल्याबरोबर गॅलरीत किंवा अंगणात उजेडात थोडा वेळ काढू द्या, त्याने शरीराचं घड्याळ अलीकडे सरकतं. दुपारी डुलकी हवी तर २० मिनिटांची. रविवारी तासभर उशिरा उठला तर चालेल, चार तास नको.

पुरेसं झोपूनही थकवा जात नसेल तर डॉक्टरांकडे न्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्या, घोरत असेल तर तेही सांगा. आणि तो एकटा एकटा राहत असेल, आवडत्या गोष्टींतून मन उडालं असेल, ‘जगून काय करायचं’ असं काही बोलला असेल तर झोपेचं वेळापत्रक बाजूला ठेवा. कमी झोप आणि नैराश्य एकमेकांना वाढवतात. अशा वेळी त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांना गाठा किंवा सरकारच्या टेलि-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. टेस्ट सिरीज संपू दे, मग बघू, असं करू नका.