खोकला गिळणारा मुलगा

मी मुलांची समुपदेशक. अद्वैतला माझ्याकडे आणलं ते खोकल्यासाठी. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आईवडिलांनी वाचून होकार दिल्यावरच हे लिहिते आहे.) वय सात, न्यू जर्सीतल्या सरकारी शाळेत दुसरीत. डॉक्टरांनी छाती तपासली, ॲलर्जीचं औषध दिलं, बाकी काही नाही म्हणाले. तरी पोर मध्येच श्वास कोंडून धरायचं, चेहरा लालबुंद व्हायचा, डोळ्यांतून पाणी यायचं. आईला वाटलं, काहीतरी सवय लागली असेल. खरं काय ते आजीने ओळखलं. त्या सहा महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या आणि नातवाच्याच खोलीत झोपायच्या. पहिल्या भेटीत मला म्हणाल्या, "अहो, याला खोकला येत नाही असं नाही. हा खोकला गिळतो. रात्री अंथरुणात उठून बसतो आणि गिळायचा सराव करतो."

मी त्याच्याबरोबर सतरंजीवर लेगो घेऊन बसले. त्याने वर्ग बांधला आणि सगळी माणसं एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभी केली. बराच वेळ गेला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी खोकलो तर त्याला कळेल, आम्ही कुठे आहोत ते."

'तो' कोण, हे त्याला सांगता येईना.

झालं होतं ते असं. ऑक्टोबरमध्ये शाळेत लॉकडाऊनचं ड्रिल झालं, म्हणजे बंदूक घेऊन कुणी शाळेत शिरलं तर काय करायचं याचा सराव. स्पीकरवर सूचना आली, टीचरने दाराला कुलूप लावलं, दिवे घालवले, मुलांना दारातून दिसणार नाही अशा भिंतीशी बसवलं. कुणी बोलायचं नाही. अद्वैतला नेमका तेव्हाच खोकला आला. टीचरने ओठांवर बोट ठेवलं. शेजारचा मुलगा कानाशी कुजबुजला, "तुझ्यामुळे आपण सगळे मरणार." काही मिनिटांत दिवे लागले, मुलं गणिताकडे वळली. टीचरना ते वाक्य ऐकूही गेलं नव्हतं. शाळेची ईमेल दुपारी आली होती, पण शाळेच्या रोजच्या ढीगभर मेलमध्ये ती उघडायची राहून गेली.

हे कळल्यावर आई रडली आणि लगेच म्हणाली, "ताई, आम्ही शाळेला सांगतो, हे असलं बंदच करा. निदान ड्रिलच्या दिवशी त्याला घरी ठेवते." इथल्या मराठी घरांतून हा प्रश्न मला सतत विचारला जातो. त्याच्या पाठीमागे आणखी एक असतो. भारतातून फोन येतो, "असल्या देशात मुलं कशाला वाढवताय?" तो प्रश्न माझ्या खोलीत सुटणारा नाही, पण आईच्या आवाजात तो असतो आणि मुलाला तो ऐकू येतो.

शाळेने ड्रिल घ्यावं, असं मी त्यांना सांगितलं. हे मला सहज म्हणता येत नाही. 1999 मध्ये कोलंबाइन हायस्कुलात गोळीबार झाला तेव्हापासून इथल्या मुलांची एक अख्खी पिढी भिंतीशी बसून मोठी झाली आहे. 2012 मध्ये कनेक्टिकटमधल्या सँडी हूकच्या प्राथमिक शाळेतल्या गोळीबारात 20 मुलं आणि 6 मोठी माणसं गेली. त्यानंतर कनेक्टिकटमध्ये नेमलेल्या आयोगाने आधीच्या घटना तपासल्या, तेव्हा आत कुलूप लावलेल्या वर्गाचं दार हल्लेखोराने फोडल्याचं एकही उदाहरण त्यांच्यासमोर आलं नाही. कुलूप, अंधार, दारापासून दूर बसणं एवढंच शिकायचं असतं. पण घाबरलेल्या माणसाचे हात किल्लीवर थरथरतात, म्हणून मोठ्यांनी ते आधी हातात बसवून घ्यायला हवं. न्यू जर्सीत कायद्याने दर महिन्याला आगीचं एक आणि सुरक्षेचं एक ड्रिल घ्यावं लागतं. सुरक्षेचं दर वेळी लॉकडाऊनचंच असतं असं नाही. कधी इमारत रिकामी करण्याचाही सराव असतो.

माझा विरोध आहे तो नाटकाला. 2018 च्या डिसेंबरमध्ये फ्लोरिडातल्या एका हायस्कुलात हे ड्रिल आहे असं न सांगताच लॉकडाऊन केलं आणि मुलांनी आईवडिलांना निरोपाचे मेसेज पाठवले. 2019 मध्ये इंडियानात प्रशिक्षणाच्या नावाखाली शिक्षकांना गुडघ्यावर बसवून त्यांच्यावर प्लॅस्टिकच्या छऱ्यांच्या बंदुका चालवल्या. अंगावर वळ उठले. कुणाचीही सुरक्षा यातून वाढत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये स्पष्ट म्हटलं की मुलांना फसवून, खऱ्यासारखा हल्ला उभा करून ड्रिल घेऊ नका. जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी बंदूक-सुरक्षेसाठी काम करणाऱ्या एव्हरीटाउन या संस्थेबरोबर 114 शाळांच्या परिसरातल्या समाजमाध्यमांवरच्या पोस्ट ड्रिलच्या आधीचे आणि नंतरचे 90 दिवस तपासल्या. ताण आणि चिंता 42 टक्क्यांनी वाढलेली दिसली. न्यू जर्सीने 2022 मध्ये कायदाच केला: हे ड्रिल आहे हे मुलांना त्यांच्या वयाला समजेल असं सांगायचं, मुलांना जखमी झाल्याचं सोंग करायला लावायचं नाही, आणि त्याच दिवशी पालकांना कळवायचं.

अद्वैतच्या शाळेने हे सगळं पाळलं होतं. तरी पोर रात्री खोकला गिळत होतं. माझं खरं काम तिथून सुरू झालं.

उत्तर आजीकडून आलं. तिसऱ्या भेटीत त्या सहज म्हणाल्या, "1971 च्या लढाईत आम्ही दादरला होतो. मी सोळाची, धाकटा भाऊ सात वर्षांचा. काचांना काळे कागद चिकटवलेले. भोंगा झाला की दिवे घालवायचे. भाऊ भुकेने भोकाड पसरायचा. पण वडील दाराशी खुर्ची टाकून बसायचे आणि म्हणायचे, तुम्ही पडा, मी जागा आहे."

मी जागा आहे. अद्वैतला हे वाक्य कुणी म्हटलंच नव्हतं. त्याच्या समजुतीप्रमाणे त्या अंधारात वीस मुलांना वाचवायची जबाबदारी त्याच्या घशावर होती. सात वर्षांच्या मुलाला बंदुकीची कल्पना धूसर असते. आपल्यामुळे सगळे मरतील, ही कल्पना मात्र त्याला पुरेपूर कळते. ड्रिलनंतर घाबरलेली मुलं माझ्याकडे येतात तेव्हा मी आता हेच आधी शोधते: याने कोणतं ओझं उचललंय? एका मुलीने ठरवलं होतं की बूट चालताना चमकतात म्हणून ते घालायचेच नाहीत. दुसरा एक शाळेत लघवीलाच जात नव्हता, कारण बाहेर असताना दार बंद झालं तर?

आईवडिलांच्या लेखी परवानगीने मी टीचरशी बोलले. त्या ऐकून गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "त्या पाच मिनिटांत मी स्वतः श्वास रोखून बसलेली असते." त्यांनाही कुणी कधी विचारलं नव्हतं. पुढच्या ड्रिलच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्या वर्गाला सांगितलं: "खोकला आला, शिंक आली, तर येऊ द्या. दाराकडे बघणं माझं काम आहे, तुमचं नाही." अद्वैतला आपल्याजवळ, पाण्याची बाटली घेऊन बसवायचं त्यांनीच सुचवलं.

माझ्या खोलीत आम्ही दिवे घालवून खोकायचा सराव केला. आधी दहा सेकंद, मग अर्धं मिनिट, मग आजीसकट तिघांनी. पहिल्यांदा तो थरथरला. चौथ्या-पाचव्या वेळी हसून हसून खरा खोकला लागला. रात्रीची भीती आम्ही संध्याकाळी हलवली. वरणभात होईपर्यंत दहा मिनिटं आजीपाशी बसून जे जे भय वाटतं ते बोलायचं, अंथरुणात नाही.

आईला मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली: "काही होणार नाही" असं वचन देऊ नका. मुलं ते पारखतात. म्हणा, "असं फार क्वचित होतं. झालंच तर काय करायचं ते मोठ्यांनी ठरवून ठेवलंय. तू टीचर सांगतील तसं करायचं." आणि घरातल्या फोनवर सांभाळून बोला. अद्वैत मराठीत उत्तर देत नाही, पण त्याला सगळं कळतं. 2022 मध्ये टेक्सासमधल्या युव्हाल्डीत शाळेतल्या गोळीबारात 19 मुलं गेली, तेव्हा या घरात आठवडाभर स्पीकरवर त्याचीच चर्चा होती आणि तो शेजारी चित्रं रंगवत बसलेला होता.

ड्रिलच्या दिवशी घरी ठेवू नका म्हटलं, ते यासाठी की मग ते दार त्याच्या मनात आणखी मोठं होतं. महिना उलटूनही झोप नाही, शाळेचं नाव काढताच पोटात दुखतं, अंथरूण ओलं होतं, असं असेल तर मात्र थांबू नका, समुपदेशकाकडे जा.

बाबांशी बोलायला वेगळा विषय निघाला. ते म्हणाले, "शाळेत आपण करू तरी काय शकतो?" अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने 2019 मध्ये शाळांवरच्या हल्ल्यांचा अभ्यास मांडला. ज्यांनी बंदूक वापरली त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश मुलांनी ती स्वतःच्या आईवडिलांच्या किंवा जवळच्या नातेवाइकाच्या घरातूनच आणली होती. म्हणून मी त्यांना सांगितलं, मूल खेळायला कुणाच्या घरी पाठवताना विचारा. आपल्या लोकांना हे विचारणं फार जड जातं, समोरच्याला काय वाटेल म्हणून. मी वाक्य जोडून दिलं: "अद्वैतला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तुमच्याकडे कुत्रा आहे का, आणि घरात बंदूक असेल तर ती कुलपात असते ना?" दोन आठवडे त्यांनी टाळलं. मग शेजारच्या मित्राच्या बापाला विचारलं. तो म्हणाला, "आहे, तिजोरीत आहे, दाखवू का?" बाबा म्हणाले, उलट मैत्री वाढली.

आजी मार्चमध्ये परत गेल्या. जाताना त्यांनी नातवाच्या पलंगाशेजारची खुर्ची हलवू नका म्हणून बजावलं. एप्रिलमध्ये पुन्हा लॉकडाऊनचं ड्रिल झालं. या वेळी आईने मेल उघडून वाचली होती, पण स्वतःहून काही विचारायचं नाही असं आमचं ठरलं होतं. बूट काढता काढता तोच म्हणाला, "आज ड्रिल होतं. मी दोनदा खोकलो."

"मग?"

"मग काही नाही. लंचला गेलो."