खोली उघडी ठेवायची की बंद, हे आधी ठरवा

प्रश्न : काका, देवगडजवळ आमचं चिऱ्याचं जुनं घर आहे. ओटी आणि माजघर कौलारू, मागे नंतर बांधलेली स्लॅबची एक खोली. जून लागला की घरभर कुबट वास येतो. मिठाला पाणी सुटतं, पापड सादळतात, दारं फुगून लागत नाहीत. सासूबाईंच्या पैठण्या ज्या लोखंडी कपाटात आहेत, त्यात यंदा पांढरी बुरशी दिसली. मुलगा म्हणतो, अख्ख्या घरासाठी डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल काढणारं यंत्र, घेऊ. शेजारी म्हणतात, खिडक्या उघड्या टाका, हवा खेळती राहू दे. कोणाचं ऐकू?

उत्तर : ताई, दोघांचंही थोडं थोडं ऐका, पण वेगवेगळ्या खोल्यांसाठी.

कौलारू भागासाठी यंत्र घेऊ नका. कौलांच्या फटींतून, वाशांच्या टोकांशी, दारांखालून तिथे हवा सतत ये-जा करते. ते घर बांधलंच तसं आहे. तिथे डीह्युमिडिफायर लावणं म्हणजे खाडीचं पाणी तांब्याने उपसणं.

एसी-फ्रीजच्या कामात माझं आयुष्य रत्नागिरीत गेलं. गिऱ्हाइकाला मी आधी हा हिशोब सांगतो आणि मगच यंत्राचं बोलतो. जुलैत बाहेर २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम पाणी वाफ होऊन असतं. तुमची मागची खोली १० बाय १२, उंची १० फूट धरू. हवा झाली ३४ घनमीटर, म्हणजे त्या सगळ्या हवेत पाणी असेल पाऊण लिटरच्या जरा वर. ती २६ अंश आणि ५५ टक्क्यांवर आणायला त्यातलं ४०० मिली काढलं की पुरे. काहीच नाही ते! पण खिडकी किलकिली ठेवली आणि तासाभरात खोलीतली हवा एकदा बदलली, तर तेच ४०० मिली पुन्हा आत येतं. पुढच्या तासाला पुन्हा. दिवसाचे साडेनऊ लिटर झाले, आणि खोली होती तिथेच.

म्हणून प्रत्येक खोलीचं आधी ठरवा, उघडी की बंद. अर्धवट काही नको.

ओटी आणि माजघर उघडं राहू दे. तिथे शेजारी म्हणतात ते बरोबर आहे, फक्त एक लक्षात घ्या : पावसाळ्यात खिडकी उघडल्याने हवा कोरडी होत नाही, ती हलती राहते एवढंच. हलत्या हवेत भिंत आणि कापड गार पडून राहत नाही, त्यामुळे बुरशीला जम बसवता येत नाही. पंखा मंद चालू ठेवा. कपाटं, पलंग भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. तांदळाची पोती जमिनीवर नकोत, फळीवर ठेवा. ओले कपडे माजघरातल्या दोरीवर टाकू नका, पडवीत टाका, कितीही वेळ लागला तरी. पिळलेल्या एका बादलीभर कपड्यांतूनही दोन लिटर पाणी सहज हवेत जातं. आणि स्वयंपाक करताना एक्झॉस्ट पंखा लावाच. गॅस जळतो तेव्हा त्याचं पाणी होतं, १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत वीस लिटरहून जास्त पाणी वाफेने घरात सुटतं. पूर्वी चुलीची ऊब आणि धूर माळ्यापर्यंत चढायचा, त्याने माळ्यावरचं बी-बियाणं, सोलं पावसाळाभर टिकायची. चूल गेली आणि तो कोरडेपणाही गेला, हे मला खरंच वाईट वाटतं, पण धुरात बायकांचे डोळे जात होते तेही खरंच आहे.

आता मागची खोली. ही बंद खोली करा आणि घरातलं जे जपायचं आहे ते सगळं इथे आणा : पैठण्या, जमिनीचे कागद, फोटो, हार्मोनियम असेल तर तीही. आधी स्लॅब पाझरतो का ते पाहा. पाझरत असेल तर यंत्र विसरा, पहिला खर्च गच्चीवर. स्लॅब कोरडा असेल तर खिडक्यांच्या चौकटीला रबरी पट्टी लावा, दाराखाली ब्रशची पट्टी, आणि वरच्या झरोक्याला काच बसवा. मग डीह्युमिडिफायर.

मापाचं सांगतो. खोक्यावर लिहिलेले 'दिवसाला २० लिटर' बहुधा ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेले असतात. खोली ५५-६० टक्क्यांवर आली की तेच यंत्र जवळपास निम्मं पाणी काढतं. तुमच्या खोलीला २० लिटरवालं घ्या, १० वालं नको. टाकी भरली की यंत्र आपोआप बंद पडतं, म्हणून मागच्या नळीला पाइप जोडून पाणी भिंतीतून बाहेर काढून द्या. एक त्रास मात्र होणार : खोली तापेल. विजेची उष्णता आणि वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता मिळून पाचेकशे वॅटचा हीटर लावल्यासारखं होतं. त्यामुळे ही झोपायची खोली करू नका. ५५ च्या खाली आकडा लावू नका, बिल वाढतं आणि जुनं लाकूड तडकतं.

आर्द्रता मोजायचं छोटं घड्याळ काही शे रुपयांत मिळतं, ते घ्याच. त्यावर विश्वास ठेवण्याआधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, त्यावर पाण्याचे काही थेंब टाका, चिखलासारखं झालं पाहिजे, विरघळता कामा नये. ते झाकण आणि घड्याळ एका घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. सकाळी काटा ७५ वर हवा. ७० दाखवत असेल तर तुमचं घड्याळ पाच कमी दाखवतं, तेवढे मनात मिळवायचे. बरणीतल्या मिठाला पाणी सुटण्याचं कारणही हेच, हवेतली आर्द्रता ७५ च्या वर गेली की मीठ ओल ओढून घेतं.

पैठण्यांना प्लॅस्टिकची पिशवी असेल तर आजच काढा. बुरशी मऊ ब्रशने झटका, पण घराबाहेर, नाका-तोंडाला फडकं बांधून. मग जुन्या मलमलीत गुंडाळा. दसऱ्यानंतर कोरडा वारा सुटला की एखाद्या दुपारी सावलीत पसरून घड्या बदला. त्या दिवसांत बंद खोलीही ११ ते ४ खुशाल उघडा.

प्रश्न : आम्ही ठाण्यात फ्लॅटमध्ये राहतो. बेडरूममध्ये एसी आहे, बाहेर पॅसेजमध्ये भिंतीला कपाट. कपाटामागे भिंत काळी पडते. प्लंबर म्हणतो पाइप फुटलाय, भिंत फोडावी लागेल. फोडू का?

उत्तर : अजिबात घाई करू नका. मला एकच विचारायचंय, एसी कितीवर लावता? २० वर असेल तर उत्तर बहुतेक तिथेच आहे. मघाच्याच २८ अंश, ९० टक्क्यांच्या हवेत २६ अंशांपेक्षा गार झालेल्या कुठल्याही वस्तूला घाम सुटतो. तुमची साडेचार इंची भिंत बेडरूमच्या बाजूने रात्रभर गार होते, पॅसेजच्या बाजूने तिला दमट हवा लागते, आणि कपाटाने झाकल्यामुळे ती पुन्हा ऊबही धरत नाही.

खात्री अशी करा. कपाट ओढा, भिंत फडक्याने पुसून पंख्याने कोरडी करा. स्वयंपाकघरातल्या फॉइलचा वीतभर चौकोन चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा. दोन दिवस एसी रोजच्यासारखा चालवा. फॉइलच्या वरून पाणी दिसलं तर तो हवेचा घाम. वरून कोरडी आणि काढल्यावर आतून ओली, तर पाणी भिंतीतून येतंय, मग प्लंबरला बोलवा.

घाम निघाला तर एसी २६ वर आणा, पंखा सोबत लावा, कपाट दुसऱ्या भिंतीला न्या. आणि लहान खोलीला दीड टनी एसी बसवला असेल तर पुढच्या वेळी एक टनी घ्या. मोठा एसी खोली झटकन गार करतो, कॉम्प्रेसर थांबतो, पण पंखा फिरत राहतो, आणि कॉइलवर जमलेलं पाणी पुन्हा खोलीतच उडतं. खोली गार आणि चिकट, दोन्ही. दुकानदार 'जरा मोठाच घ्या' म्हणतो तेव्हा ऐकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : नागपूरच्या दिरांकडे कूलर मस्त चालतो. चिपळूणला घेऊ का?

उत्तर : नको. नागपूरची मेची हवा कोरडी, तिथे पाणी उडतं म्हणून गारवा येतो. चिपळूणला ते उडणार नाही, घरात ओल तेवढी वाढेल.

प्रश्न : कपाटात मिठाची वाटी, डांबरगोळ्या, कोळसा असं ठेवलं तर चालतं का? (मालवण)

उत्तर : डांबरगोळ्या किड्यांसाठी आहेत, ओल त्या शोषत नाहीत. मिठाची वाटी आपणच पाणी होऊन बसते आणि शेजारचं लोखंड गंजवते. कोळसा वास थोडा कमी करतो. खरं काम करतात त्या बाजारातल्या कॅल्शियम क्लोराइडच्या डब्या, पण कपाटाचं दार घट्ट लागत असेल तरच. त्यात साठणारं पाणी खारट आणि चिकट असतं, साडीवर किंवा चामड्यावर सांडलं तर डाग जात नाही. म्हणून डबी कायम सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवा आणि भरत आली की लगेच बदला. लहान डब्यांसाठी, कॅमेऱ्यासाठी सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, बरे. नारिंगी रंगाचे घ्या, रंग उतरला की जुन्या तव्यावर मंद आचेवर परता, रंग परत आला की पुन्हा वापरा. तो तवा मात्र स्वयंपाकाला वापरू नका.