काठी, ओळंबा आणि दुपारचे साडेबारा

प्रश्न : वय 47, खानापुरात (जि. बेळगाव) नोकरी. लहानपणी मुंग्यांची रांग बघत तासन्‌तास बसायचो. आता वळीव आला तरी ‘गटार तुंबणार’ एवढंच सुचतं. पूर्वीचं नवल परत येईल का?

उत्तर : बसल्या जागी येणार नाही. ‘ठाऊक आहे’ म्हटलं की माणूस बघायचं सोडतो. तेव्हा पक्कं ठाऊक असलेलंच मोजायला घ्या. सावली घ्या. आधी कागदावर दोन अंदाज लिहा : सावली सर्वांत आखूड किती वाजता होते, आणि तेव्हा कुठल्या दिशेला पडते? न लिहिलेला अंदाज मागाहून नेहमीच बरोबर निघतो!

अंगणात सपाट जागी काठी रोवा, जमिनीवर बरोबर 1 मीटर उरेल अशी. दोन बाजूंनी ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) लावून काठी सरळ उभी आहे का बघा. काठी 1 अंश कलली तरी सावलीचं टोक पावणेदोन सेंमी सरकतं. मग 12 ते 1 दर 5 मिनिटांनी टोकाशी खडा ठेवा. बाराच्या ठोक्याला एकदाच बघून उठाल तर फसाल. आपलं घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखांशाचं, खानापूर 74.5 च्या आसपास. अंशाला 4 मिनिटं धरली तर 8 अंशांची 32 मिनिटं झाली, म्हणजे सावली सर्वांत आखूड होते ती साडेबाराच्या सुमारास. वर्षभरात त्यात थोडं मागेपुढे होतं.

आता दिशा. 21 डिसेंबरला सावली उत्तरेला, सुमारे 81 सेंमी. 21 मार्चला 28. 3 मेच्या सुमारास ती काठीच्या बुडाशी नाहीशी होते आणि नंतर चक्क दक्षिणेला पडू लागते : 25 मेला 9 सेंमी, 21 जूनला 14. बहुतेकांचा अंदाज इथंच चुकतो. 10 ऑगस्टच्या सुमारास ती पुन्हा शून्यावर येते, पण खानापूरच्या पावसात त्या दिवसाचा भरवसा नको. मे सोडू नका.

प्रश्न : नवल टिपायला वही केली, पंधरा दिवसांत बंद पडली. (निपाणी)

उत्तर : रोज लिहायला गेलात म्हणून. आठवड्याला एकच ओळ, तीही प्रश्नाची. ‘पाऊस छान झाला’ यातून पुढं काही निघत नाही. ‘काळी माती वाळल्यावर भेगाळते, खानापूरकडची लाल तेवढी का नाही?’ यातून निघतं. दोन्ही माती चाळून, भिजवून, मळून 10 सेंमी रुंदीच्या भाकऱ्या थापा, जाडी सारखी ठेवा आणि सावलीत वाळवा. उन्हात ठेवल्या तर लालही तडकेल. चार दिवसांनी फुटपट्टी लावा. फोनवर उत्तर शोधायचं ते त्यानंतर.