अल्झायमरच्या अभ्यासात उंदराच्या गर्भाचा मेंदू का तपासतात?

हा आजार उतारवयातला असताना संशोधक गर्भावस्थेकडे का वळतात, असे आपण विचारले आहे. रंकाळ्यावर रोज फिरायला जाणारी माझी आजी शिवाजी पेठेतल्या स्वतःच्या घराची वाट विसरू लागली, तेव्हा हाच प्रश्न मलाही पडला होता.

कारण असे की, या आजाराशी जोडलेली काही प्रथिने मुळात मेंदू घडवण्याच्या कामी असतात. प्रेसेनिलिन-१ हा गॅमा-सिक्रेटेज या विकराचा (एन्झाइमचा) गाभा आहे. हे विकर अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या अमायलॉइडच्या मूळ प्रथिनाला कापते, तसेच पेशीपटलावरील नॉच या ग्राहीलाही, म्हणजे शेजारच्या पेशींचे संकेत टिपणाऱ्या प्रथिनालाही, कापते. नॉचचा सुटलेला तुकडा पेशीकेंद्रकात जाऊन मूळपेशीला ‘इतक्यात चेतापेशी होऊ नकोस’ असा निरोप देतो. १९९७ मध्ये प्रेसेनिलिन-१चे जनुक काढलेले उंदीर जन्माच्या सुमारास दगावले, त्यांच्या मेंदूतील मूळपेशी अकाली घटल्या होत्या आणि सांगाडाही सदोष होता. हे विकर सरसकट रोखणे माणसातही महागात पडले: सेमागासेस्टॅट या औषधाच्या चाचण्या २०१० मध्ये थांबवाव्या लागल्या, कारण रुग्णांची स्थिती अधिक खालावली.

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी अडचण वेगळीच आहे. आजार अभ्यासण्यासाठी उंदरात घातलेले, आजाराशी जोडलेले मानवी जनुक मेंदू घडत असतानाच काम करू लागले, तर पुढे दिसणारा विसराळूपणा आजाराचा की बिघडलेल्या घडणीचा, हे ठरवता येत नाही. म्हणून काही प्रयोगांत डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक देऊन पिल्लू मोठे होईपर्यंत ते जनुक बंद ठेवतात.