चालतोय ना, मग कशाला?

"मॅडम, मी बॅग मुद्दाम विसरले असेन का?"

खुर्चीत बसता बसताच तिने विचारलं. पाणी घ्या म्हणायचीही उसंत दिली नाही.

दिवाळी नुकतीच संपली होती. माझी समुपदेशनाची खोली ठाण्यात, नौपाड्यात. समोर बसलेली बाई चाळिशीच्या आतली, व्यवसायाने अकाउंटंट. रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या तीन छोट्या कारखान्यांची पुस्तकं लिहिते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि लिहायची परवानगी तिच्याकडून घेतली आहे.) सकाळी वर्तकनगरहून शेअर रिक्षाने ठाणे स्टेशन, पूल चढून 10 नंबर फलाट, तिथून ट्रान्स-हार्बरने रबाळे. पाठीवर स्वतःचा लॅपटॉप, कारण तिन्ही ठिकाणचं टॅली, म्हणजे हिशोबाचं सॉफ्टवेअर, त्यातच आहे.

त्या दिवशी लेडीज डब्यात गर्दी म्हणून तिने बॅग रॅकवर ठेवली. रबाळ्याला उतरली, चालायला लागली. "वीसेक पावलं गेले आणि वाटलं, आज किती हलकं वाटतंय. मग कळलं." गाडी सुटलेली. रोजच्या ग्रुपमधल्या एकीला फोन केला, ती घणसोलीला बॅग घेऊन उतरली आणि थांबली. अर्ध्या तासात बॅग हातात. घडलं एवढंच.

"पण कळल्यावर आधी धस्स नाही झालं. आधी वाटलं, सुटले. धस्स त्यानंतर. तीन पार्ट्यांचा डेटा त्यात, आणि मला सुटले वाटतं? वेड लागलंय का मला?"

मागचं वर्षभर तिला हलका लॅपटॉप घ्यायचा होता. आहे तो 2019 चा, 15.6 इंची, 48,000 रुपयांचा, आणि ठणठणीत. 2022 मध्ये मंद झाला तेव्हा नवऱ्याने हार्ड डिस्क काढून तिच्या जागी वेगवान एसएसडी बसवली, रॅम वाढवली. तेव्हापासून चटकन सुरू होतो, आणि घरी पाहुणे आले की नवरा तो सुरू करून दाखवतो. तिने विषय काढला की घरात एकच उत्तर, "चालतोय ना, मग कशाला?" या घरात वस्तू बिघडली की दुरुस्त करतात आणि दुरुस्त होईना की नवी आणतात. धडधाकट वस्तू बदलणं म्हणजे माज.

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे अपडेट, बंद केले. आता तरी कारण मिळालं, असं तिला वाटलं होतं. पण तिच्या लॅपटॉपात आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर, त्यावर विंडोज 11 चालतं. नवऱ्याने रविवारी दुपारी बसून ते इन्स्टॉलही करून दिलं. हे सांगताना ती हसली, आणि लगेच डोळे पुसले.

इथे माझी चूक सांगायला हवी. आमच्या धंद्यात एक खोड लागते. माणूस दाराबद्दल बोलायला लागला की आम्ही दारामागे कोण आहे ते शोधतो. मी तिला नवऱ्याबद्दल विचारलं, माहेरच्या पैशांच्या सवयींबद्दल विचारलं, 'सुटले' म्हणजे नेमकं कशातून सुटलात, असंही विचारलं. चाळीस मिनिटं तिने सगळ्याची नीट उत्तरं दिली. शेवटी म्हणाली, "मॅडम, नवरा चांगला आहे. बॅग जड आहे."

मी वही मिटली.

पुढच्या वेळी येताना रोजची बॅग आहे तशी भरून आणा, असं सांगितलं. प्रवासाला निघताना सामान तोलायचा आकड्याचा काटा माझ्याकडे होता. दोघींनी मिळून बॅग लटकवली. 6 किलो 400 ग्रॅम. मग एकेक वस्तू काढून तोलत गेलो. लॅपटॉप 2.2 किलो, चार्जर त्याच्या विटेसकट अर्धा किलो. भरलेली पाण्याची बाटली 1.1. स्टीलचा तीन पुडांचा डबा 900 ग्रॅम, फायली 800, छत्री 400. छत्री नोव्हेंबरात कशाला, असं मी विचारलं नाही. ठाण्यातल्या माणसाला ते विचारू नये. बाकी किडूकमिडूक अर्धा किलो.

तिने स्वतःच मोबाइलवर हिशोब केला. 14 इंची हलका लॅपटॉप साधारण 1.4 किलोचा, त्याचा टाइप-सी चार्जर 200 ग्रॅमचा. म्हणजे पन्नास-साठ हजार खर्चून बॅग 1.1 किलोने कमी. "एवढंच?" तिचा चेहरा पडला. वर्षभर तिच्या डोक्यात ती बॅग निम्मी झाली होती.

त्याच टेबलावर फुकटातला 1.1 किलोही पडला होता. बाटली निम्मी भरून न्यायची आणि कारखान्यात भरून घ्यायची. फायली जिथल्या तिथे, कुलपाच्या कपाटात. मी सांगितलं, आधी हे दोन आठवडे करून बघा. आणि खांदा दुखतोय तर तो मला दाखवून उपयोग नाही, फिजिओथेरपिस्टला दाखवा. दुखण्यावर लॅपटॉप हे औषध आहे असं मी सांगणार नव्हते. फिजिओथेरपिस्टने व्यायाम दिले आणि बॅग एका खांद्यावर लटकवायची नाही, असं बजावलं.

बॅग परत भरताना ती म्हणाली, "मुलाचं दप्तर शाळेत तोलतात." खरं आहे. 2020 च्या शालेय दप्तर धोरणानुसार दहावीपर्यंत दप्तर मुलाच्या वजनाच्या 10 टक्क्यांवर जाऊ नये. तिचं वजन 54 किलो. नियम मुलांसाठी आहे, मोठ्यांना तो जसाच्या तसा लागू नाही. तरी तिने टक्के काढलेच, जवळजवळ 12. "मला आई नाही का तोलणारी," असं पुटपुटली. आणि मग म्हणाली, "राहू दे, हे लिहू नका." नंतर स्वतःच म्हणाली, लिहा.

दोन आठवड्यांनी आली तेव्हा बॅग 5.3 किलो होती, खांदा बरा होता, आणि लॅपटॉप तिला तरीही हवा होता. त्यामुळेच ती जास्त अस्वस्थ होती. "आता तर दुखतही नाही फारसं. म्हणजे ही नुसती हौस झाली ना?"

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 पासून मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती आम्ही पुष्कळ वापरतो. त्यात माणसाच्या बोलण्यातला 'च', म्हणजे 'असंच व्हायला हवं' हा हट्ट, पकडायचा असतो. तिला मी घरचा नियम एका वाक्यात लिहायला सांगितला. तिने लिहिलं, 'वस्तू मोडल्यावरच बदलायची.' आता 'च' काढून वाचा, म्हटलं. वस्तू मोडल्यावर बदलायची. ठीकच आहे की. मोडलेली बदलावी. पण न मोडलेली बदलू नये, हे त्यात कुठे आलं? ती वाक्याकडे बघत राहिली. मग तिच्या पहिल्या प्रश्नाकडे वळलो. ज्या घरात मोडण्याशिवाय दुसरं कारण चालत नाही, तिथे माणूस आतल्या आत वस्तू मोडायची वाट बघू लागतो. बॅग तिने मुद्दाम ठेवली का, ते मला ठाऊक नाही, आणि तिलाही ते शोधत बसायची गरज नव्हती. सुटकेचं वाटणं मात्र समजण्यासारखं होतं. वेड-बिड काही नाही.

याचा तिला फार उपयोग झाला, असं म्हणता येणार नाही. मान डोलावली, एवढंच. खरा फरक पडला तो तिच्याच कामातल्या एका गोष्टीने. मी सहज विचारलं, कारखान्यांच्या पुस्तकात कॉम्प्युटरवर घसारा, म्हणजे वस्तू जुनी होईल तशी किमतीतली घट, किती लावता? "40 टक्के, दर वर्षी उरलेल्या किमतीवर." मग तुमच्या लॅपटॉपला लावा. तिने बॅगेतून तोच लॅपटॉप काढला. उजव्या हाताची बोटं कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांच्या पट्टीवर न बघता चालली. 48,000. 28,800. 17,280. सहा वर्षांनी उरले 2,239 रुपये.

बराच वेळ ती त्या आकड्याकडे बघत होती. "पार्टीने हा बदलायचा म्हटलं असतं तर मी एका शब्दाने अडवलं नसतं."

आणि लगेच दुसरं लक्षात आलं, तेही तिच्याच. हलक्या 14 इंची लॅपटॉपला बहुधा ही आकड्यांची पट्टी नसते. अकाउंटंटची बोटं तिथेच राहतात. म्हणजे 'घ्यायचा की नाही' याच्या जोडीला 'घेतला तर काम होईल का' हा प्रश्न आला, आणि तो माझ्या खोलीत सुटणारा नव्हता. तिने भाच्याकडून त्याचा हलका लॅपटॉप चार दिवस मागून घेतला. दिवस तिनेच निवडले. 7 तारखेला टीडीएस, म्हणजे कापून घेतलेला कर, भरायचा, 11 ला जीएसटीआर-1 आणि 20 ला 3बी ही जीएसटीची विवरणपत्रं. या तारखांच्या आसपास कुणीही मशीन बदलू नये, हे तिचं वाक्य. चार दिवसांत तिने यादी केली. वेगळा यूएसबी कीपॅड लागेल. डिजिटल सहीचं टोकन (पेनड्राइव्हसारखं असतं ते) जुन्या पद्धतीच्या यूएसबीचं, भाच्याच्या लॅपटॉपला ते भोकच नाही, म्हणजे अडॅप्टर तरी हवा किंवा तसं पोर्ट असलेलं मॉडेल. अक्षरं बारीक दिसतात, मोठी करून घेतली की टॅलीतल्या ओळी कमी मावतात. रॅम आतच पक्की जोडलेली, नंतर वाढवता येणार नाही, तेव्हा 16 जीबी आत्ताच घ्यायची. नवऱ्यासारखं स्क्रू काढून सुधारता येईल, असं या मशीनमध्ये फारसं काही नसतं.

हा शेवटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटला. घरातल्या वादाचं मूळ तिथेच होतं. नवऱ्याने आपल्या हाताने जिवंत केलेली वस्तू बायको जड म्हणते, हे त्याला लागलं होतं. एसएसडीला गेलेले पैसे आता काही केलं तरी परत येणार नव्हते, आणि त्या पैशांनी तीन वर्षं काम दिलंच. पण हे त्याला पटवायची गरज नव्हती. "तुझ्यामुळे तीन वर्षं चालला, आता मला उचलवत नाही" एवढं म्हणून बघा, असं सुचवलं. ती म्हणाली, "आम्ही असं बोलत नाही, मॅडम." मग कसं बोलता? "मी त्याच्या हातात बॅग देईन, स्टेशनपर्यंत धर म्हणून."

तसंच केलं. शनिवारी तो वर्तकनगरहून स्टेशनपर्यंत बॅग घेऊन चालत आला, पूल चढला आणि 10 नंबरवर तिच्या हातात देताना म्हणाला, "हे रोज?" पुढे काही बोलला नाही. रात्री दोन मॉडेलं तुलना करून पाठवली.

हे वाचून कुणी उद्याच दुकानात धावेल म्हणून दुसरी केसही सांगते. कोपरखैरण्याचा एक मुलगा, पीएचडी करतो. त्यालाही हलका लॅपटॉप हवा होता, कुठेही बसून लिहिता यावं म्हणून. आधी त्याने मोठा मॉनिटर घेतला होता, मग कीबोर्ड, मग टॅब. प्रबंधाची पानं लिहून झाली होती अकरा. त्याला मी थांबा म्हटलं. रोज अर्धा तास आहे त्या मशीनवर लिहा, महिन्याभराने बोलू. त्याच्या बाबतीत वजन लॅपटॉपात नव्हतं. दोघांची वाक्यं जवळपास सारखीच होती, म्हणून मी आता माणसाचं वाक्य ऐकते आणि मग काटा काढते.

तिने लॅपटॉप 20 तारखेनंतर घेतला. आधी सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर घेतला, आठवडाभर दोन्ही मशीन शेजारी शेजारी चालवली. जुना आता घरी टेबलावर आहे. मुलगा त्यावर अभ्यास करतो आणि महिनाअखेरीला मोठा पडदा लागला की तीही तिथेच बसते. नवरा त्याची बॅटरी बदलायच्या विचारात आहे.

परवा काट्याचा फोटो आला. 4 किलो 300. खाली लिहिलं होतं, "कीपॅडसकट. डबा मात्र स्टीलचाच राहणार."